आडवाटेची सहल

मुलांनो, दिवाळीची सुट्टी संपली, की शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. फळ्यावर ठिकाणांची नावे लिहिली जातात, हात वर होतात, गलका होतो. आणि गंमत अशी, की दरवर्षी तीच चार-पाच नावे निवडून येतात. वेरूळ, दौलताबाद, चिखलदरा, महाबळेश्वर, नाहीतर थेट मुंबई. ही ठिकाणे चांगलीच आहेत. वेरूळची लेणी ज्याने पाहिली नाहीत, त्याने ती अवश्य पाहावीत. पण ज्या वर्गातली निम्मी मुले तिथे दोनदा जाऊन आली आहेत, त्या वर्गाने तिसऱ्यांदा तिथेच का जावे? बसमधून उतरायचे, रांगेत उभे राहायचे, भेळ खायची, फोटो काढायचे आणि पुन्हा बसमध्ये बसायचे. घरी आल्यावर अब्बांनी विचारले, ‘‘काय पाहिले?’’ तर उत्तर येते, ‘‘खूप मजा आली.’’ पाहिलेले मात्र एकही सांगता येत नाही.

माझे मत असे आहे, की सहलीसाठी, आणि पुढे मोठेपणी स्वतःच्या प्रवासासाठीही, कधीतरी आडवाटेचे ठिकाण निवडावे. आडवाट म्हणजे हमरस्ता सोडून बाजूला जाणारी वाट. जिथे बसथांब्यापासून थोडे चालावे लागते, जिथे दुकानांची रांग नसते आणि जिथे काय पाहायचे हे सांगणारा फलकही बहुधा नसतो, असे ठिकाण.

‘आडवाट’ म्हटले, की काही मुलांच्या डोळ्यांपुढे लगेच उंच कडा आणि खोल डोह येतो. साहस म्हणजे जीव धोक्यात घालणे, अशी त्यांची समजूत असते. ही समजूत आधी दूर केली पाहिजे. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडाले. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याला भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. मुरूडचा किनारा किंवा भुशी धरण या काही आडवाटा नाहीत. तिथे सुट्टीच्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते. पण गर्दी माणसाला खोटे धैर्य देते. इतके लोक पाण्यात उतरले आहेत, मग आपण उतरलो तर काय बिघडले, असे वाटते. पाणी मात्र माणसे मोजून वाढत नाही. डोंगरात वर कुठेतरी जोराचा पाऊस पडतो आणि खाली घोट्याएवढा असलेला प्रवाह पाहता पाहता कमरेपर्यंत येतो. तेव्हा धोका ठिकाणात जितका असतो, तितकाच तो आपल्या वागण्यातही असतो. आजकाल तर केवळ मोबाइलवर चित्रफीत टाकण्यासाठी कड्याच्या टोकावर उभे राहणारे लोक आहेत. त्यांना मी साहसी म्हणणार नाही.

मग साहसी कोणाला म्हणावे? मला इब्न बतूता आठवतो. तुमच्या उर्दूच्या किंवा इतिहासाच्या पुस्तकात त्याचे नाव तुम्ही वाचले असेल. १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, तो मोरोक्कोतील तंजा शहरातून हजसाठी निघाला. शक्यतो एकदा गेलेल्या वाटेने पुन्हा जायचे नाही, असा नियम त्याने स्वतःसाठी केला होता. आडवाटेने जाण्याचा इतका जुना आणि इतका चांगला नियम दुसरा मला माहीत नाही. तो दिल्लीला आला, तिथे काझी झाला, पुढे आपल्या महाराष्ट्रातील दौलताबादलाही आला. त्या किल्ल्यातील अंधारकोठडीत मांजरापेक्षा मोठे उंदीर असल्याची हकीकत त्याने लिहून ठेवली आहे. ती त्याला कोठडीत राहिलेल्या एका माणसाने सांगितली होती. म्हणजे इब्न बतूता नुसता पाहत नव्हता, तो विचारत होता. आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. घरून तो एकटा निघाला. पण वाळवंटात तो एकटा भटकला नाही. काफिला मिळेपर्यंत थांबला, वाट माहीत असलेली माणसे बरोबर घेतली. धाडसी माणूस असा असतो.

आता प्रश्न असा, की ठिकाण निवडायचे कसे? ‘तिथे काय आहे?’ असे विचारून निवडू नये. ‘तिथे गेल्यावर मला कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे?’ असे विचारून निवडावे, असे मला वाटते. हे जरा अवघड वाटेल, म्हणून आमच्या वऱ्हाडातीलच दोन ठिकाणे सांगते.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सरोवर तुम्ही ऐकून असाल. आकाशातून आलेली प्रचंड उल्का काळ्या बेसॉल्ट खडकावर आदळून तिथे वाटीसारखा खड्डा पडला. त्याचा व्यास सुमारे १.८ किलोमीटर आहे. हे कधी घडले? आधी काही शास्त्रज्ञांनी सुमारे ५० हजार वर्षांपूर्वी असे सांगितले होते. २०१० साली दुसऱ्या पद्धतीने केलेल्या मोजणीत सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे असे उत्तर आले. दोन उत्तरांत केवढा फरक! २०२० च्या जून महिन्यात तर सरोवराचे पाणीच गुलाबी झाले. लोक घाबरले. तपासणीनंतर समजले, की खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांमुळे हा रंग आला होता. त्याच वर्षी या सरोवराला रामसर करारातील महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले.

तुम्ही गेलात, तर काठावरून फोटो काढून परत फिरू नका. वरच्या कडेला गोड्या पाण्याची धार आहे. ती पाहा, मग झाडीतल्या पाऊलवाटेने खाली पाण्यापर्यंत उतरा. जाताना शाळेच्या प्रयोगशाळेतून तांबडा लिटमस कागद मागून न्या. सरोवराच्या पाण्यात बुडवला, की तो निळा होतो. पुस्तकात ‘अल्कधर्मी’ हा शब्द पाठ करणे वेगळे आणि अर्धा तास उतरून जाऊन तो डोळ्यांनी पाहणे वेगळे. अकबराच्या दरबारातील अबुल फज़ल यानेही ‘आईन-ए-अकबरी’ या ग्रंथात वऱ्हाड सुभ्याची माहिती देताना लोणारची नोंद केली आहे. सोळाव्या शतकात ज्याची दखल अकबराच्या दरबाराने घेतली, ते आपल्याला एस.टी.ने जाण्याजोग्या अंतरावर असून आपण पाहिलेले नसते.

दुसरे ठिकाण नरनाळा किल्ला. लोणारला निदान नाव तरी आहे; नरनाळ्याचे नाव अकोला जिल्ह्याबाहेर फारसे कोणी घेत नाही. अकोल्याहून अकोट, अकोटहून पोपटखेडवरून शहानूर हे गाव आणि तिथून वर सातपुड्याच्या रांगेत हा किल्ला. खरे म्हणजे हे तीन किल्ले एकमेकांना जोडलेले आहेत. मध्ये नरनाळा, पूर्वेला जाफराबाद आणि पश्चिमेला तेलियागड. चढताना एकामागून एक दरवाजे लागतात आणि मग समोर येतो तो महाकाली दरवाजा. दगडात कोरलेली कमळे, दोन्ही बाजूंना सज्जे आणि त्यावर शिलालेख. बहमनी सुलतान शहाबुद्दीन महमूदशाहाच्या काळात, १४८७ साली, फतेहउल्ला इमादुल्मुल्क याने हा दरवाजा बांधला. पुढे याच सरदाराने वऱ्हाडात इमादशाही स्थापन केली.

या दरवाज्यापुढे उभे राहिले, की मला आपल्या शाळेतल्या मुलांची फार आठवण होते. इतर अनेक पर्यटक त्या शिलालेखाकडे नक्षी म्हणून पाहतात आणि पुढे जातात. तुम्हाला ती नक्षी वाटणार नाही. अलिफ, लाम, मीम या अक्षरांची वळणे तुमच्या रोजच्या ओळखीची आहेत. सगळा मजकूर वाचता येणार नाही. जुन्या सुलेखनात अक्षरे एकमेकांवर चढलेली असतात. पण एखादा शब्द सापडतो, मग दुसरा सापडतो. पाचशे वर्षांपूर्वीच्या कारागिराने लिहिलेला शब्द एका नववीतल्या मुलीने बोट न लावता, दुरून, हळूहळू वाचावा, यापेक्षा मोठे साहस मला सुचत नाही. आणि तो शब्द ती बरोबरच्या गावकऱ्याला मराठीत समजावून सांगेल, तेव्हा तो दरवाजा दोघांचा होईल. पुढे किल्ल्यावर शक्कर तलाव आहे, नऊगजी तोफ आहे, जुनी मशीद आणि महालही आहे. पण मी तुमची शिक्षिका असते, तर अर्धा दिवस त्या एका दरवाज्यापाशीच घालवला असता. बाकीचे राहिले तर राहू द्यावे.

भाषेचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट स्पष्ट सांगते. ‘मराठी आम्हाला कशाला? परीक्षेपुरती पुरे’, असे काही मुले म्हणतात. मोठ्या पर्यटनस्थळी हे खपते. तिथला फोटोवाला, घोडेवाला, हॉटेलवाला सगळे हिंदी बोलतात. आडवाटेवर मात्र भेटतो तो गुराखी किंवा डोक्यावर मोळी घेऊन निघालेली म्हातारी. ती म्हणते, ‘‘इकडून नोका जाऊ, पुढं घसरन हाय.’’ पुस्तकात ‘नका’ असते, वऱ्हाडात ‘नोका’ असते. तेवढे समजले नाही, तर पाय मोडलाच म्हणून समजा. मेळघाटात कोरकू लोक राहतात. घरी ते कोरकू भाषा बोलतात आणि बाहेरच्यांशी बोलताना आपल्यासारखेच दुसऱ्या भाषेत बोलतात. तेव्हा आपल्या मराठीला कोणी हसेल, ही भीती सोडून द्यावी. निघण्यापूर्वी थोडे शब्द मात्र पक्के करावेत. पगडंडीला पाऊलवाट म्हणतात, दर्ऱ्याला खिंड म्हणतात, दगडावरच्या काईला शेवाळ म्हणतात. खडकात खोदलेला पाण्याचा हौद म्हणजे टाके. आणि वाट दाखवणारा रहबर म्हणजे वाटाड्या. हा शेवटचा शब्द विसरू नका. गावातला वाटाड्या बरोबर घेतल्याशिवाय अनोळखी डोंगरावर जाऊ नये. त्याला त्याच्या कामाचे पैसे द्यावेत, तेही घासाघीस न करता.

आता मी अशा विषयाकडे येते, ज्याबद्दल मला मनापासून बोलायचे आहे. सहलीचे संमतिपत्र मुलांच्या घरून सही होऊन येते. मुलींचे अनेकदा कोरेच परत येते. मुलगा मित्राच्या मोटारसायकलवर बसून कुठेही जाऊन येतो, त्याला कोणी फारसे विचारत नाही. मुलगी शिक्षिकांबरोबर जाणार असली, तरी अम्मी दहा प्रश्न विचारते. मुक्काम आहे का? नसला तर परत किती वाजता? बाई बरोबर किती? जेवणाचे काय? नमाजला जागा? स्वच्छतागृह आहे का? कोणाला बरे वाटेनासे झाले, तर दवाखाना किती दूर? मोबाइल लागतो का?

मुलींना या प्रश्नांचा राग येतो. मला मात्र हे प्रश्न फार आवडतात. अहो, डोंगरात जाणारे अनुभवी लोक याहून वेगळे काय विचारतात? पाणी कुठे आहे, उतरायला किती वेळ लागेल, अंधार कधी पडेल, कोणी जखमी झाले तर काय करायचे. अम्मीचे प्रश्न म्हणजे उत्तम प्रवासाची तयारीच आहे. चूक एवढीच होते, की उत्तर न शोधता त्या प्रश्नांना ‘नाही’ समजले जाते. माझे म्हणणे आहे, की हे सगळे प्रश्न एका कागदावर लिहा. शिक्षकांनी आधी त्या ठिकाणी स्वतः जाऊन उत्तरे आणावीत. ज्या ठिकाणाची उत्तरे मिळाली, ते निवडावे. ज्याची मिळाली नाहीत, ते यंदा सोडावे. उदाहरणार्थ, नरनाळा मेळघाटच्या राखीव जंगलात आहे. वनविभागाच्या नाक्यावर नोंद करावी लागते आणि आत जायच्या व बाहेर पडायच्या वेळा ठरलेल्या असतात. म्हणजे ‘परत किती वाजता?’ याचे उत्तर आपल्या हातात आयतेच येते. सकाळी लवकर निघावे, जुहरची नमाज आणि डबा वर, आणि असरपर्यंत सगळे खाली. मगरिबची वेळ डोंगरावर होता कामा नये. आणि हेच प्रश्न मुलांच्या घरीही विचारले जावेत, असे मला वाटते. बुडणाऱ्यांत आणि कड्यावरून पडणाऱ्यांत मुलगेही असतात.

मुली दूर जात नसत, असे कोणी सांगितले, तर त्याला गुलबदन बेगमची गोष्ट सांगा. बाबर बादशहाची ही मुलगी, ‘हुमायूननामा’ लिहिणारी. घरातल्या इतर स्त्रियांना बरोबर घेऊन ती १५७६ मध्ये सुरतेहून जहाजाने हजला निघाली. परतताना एडनजवळ जहाज फुटले आणि या स्त्रियांना तिथे अनेक महिने अडकून राहावे लागले. १५८२ मध्ये ती परतली. निघाली तेव्हा तिने वयाची पन्नाशी ओलांडली होती. आपल्याला तर संध्याकाळी घरी यायचे आहे.

खर्चाचा प्रश्न उरतो. तो लहान नाही; आपल्याकडे अनेक घरे रोजच्या मजुरीवर चालतात. पण आडवाटेची सहल बहुधा स्वस्त पडते. खेळांच्या बागेचे महाग तिकीट नाही, हॉटेल नाही. एस.टी. शाळेच्या सहलीला सवलत देते आणि २०२३ पासून तर महिलांना एस.टी.चे भाडे निम्मेच पडते. डबा घरचा. चांगले पादत्राण मात्र हवे. नवे नको, पण तळ न झिजलेले. गुळगुळीत चपलेने मी भल्या भल्या मुलांना घसरताना पाहिले आहे.

लहान वाटणारी पण जपायची आणखी एक गोष्ट. सहलीच्या दिवशी काही मुले अंगभर अत्तर लावून येतात. ईदच्या दिवशी लावा, किल्ल्यावर जाताना लावू नका. कड्यांवर आणि बुरुजांवर आग्या मोहोळ असते. तीव्र वासाने, धुराने आणि आरडाओरड्याने या माश्या चवताळतात. त्या उठल्या, तर धावायलाही जागा नसते.

आडवाटेविरुद्ध एक आक्षेप मला पटतो. ज्या ठिकाणाचे कौतुक होते, ते ठिकाण लवकरच आडवाटेचे राहत नाही. चार लोकांनी मोबाइलवर चित्रे टाकली, की पुढच्या रविवारी चारशे येतात. मग प्लास्टिकच्या बाटल्या, कुरकुऱ्यांची पाकिटे, भिंतीवर कोळशाने लिहिलेली नावे. ज्या दगडावर १४८७ साली कोणी इतके देखणे अक्षर कोरले, त्याच्या शेजारी आपले नाव खरडणाऱ्याला काय म्हणावे? म्हणून काही ठिकाणे लोकांना सांगूच नयेत, असे म्हणणारे प्रवासी आहेत. मी त्यांच्या मताची नाही. लपवून ठेवल्याने शिलालेख वाचत नाहीत. ते ओळखणारी माणसे जवळपास असली, तर वाचतात. पण गेल्यावर आपला कचरा आपल्या पिशवीत परत आणायचा आणि लोणारचा एखादा दगडही खिशात घालायचा नाही, एवढी अट मी घालीन.

हे पुस्तक वऱ्हाडाबाहेरच्या शाळांतूनही वाचले जाईल. तिथल्या मुलांनी लोणार-नरनाळ्याला एवढ्या लांब यायलाच हवे, असे नाही. मालेगावच्या मुलांना गाळण्याचा किल्ला जवळ आहे. त्याच्यावरही फारसी शिलालेख आहेत. जुन्नरकडच्या मुलांनी नाणेघाटात जावे. सातवाहन राजांच्या काळात कल्याण बंदराकडून येणारा माल या घाटाने वर चढत असे. तिथल्या लेण्यात राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे आणि घाटाच्या माथ्यावर एक मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे सांगतात. पारनेर तालुक्यात निघोजजवळ कुकडी नदीने पात्रातल्या खडकात खोल रांजणखळगे कोरले आहेत. पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी कठीण बेसॉल्ट कसा झिजतो, हे भूगोलाच्या तासाला सांगून कोणालाच खरे वाटत नाही. तिथे पावसाळ्यात मात्र जाऊ नये आणि खळग्याच्या काठाशी तर कधीच जाऊ नये.

आणि रत्नागिरीच्या मुलांचा तर मला हेवाच वाटतो. तुमच्या गावांमागच्या सड्यांवर, म्हणजे जांभ्या दगडाच्या त्या उघड्या पठारांवर, कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी चित्रे कोरून ठेवली आहेत. त्यांना कातळशिल्पे म्हणतात. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत त्यांचे नाव आले. ती कोणी कोरली, कशासाठी कोरली, हे अजून कोणालाही खात्रीने सांगता आलेले नाही. राजापूर तालुक्यात कशेळीला एक भला मोठा हत्ती आहे. पहिल्यांदा पाहताना तो दिसतच नाही, नुसत्या रेघा दिसतात. त्याच्या कडेने सावकाश चालत गेले, की सोंड कुठली आणि पाय कुठले हे उमगते. मग त्याच्या पोटात कोरलेले दुसरे प्राणीही एकेक करून दिसू लागतात. रेघांवर पाय देऊ नका. सकाळी लवकर जा आणि डोक्याला टोपी किंवा ओढणी असू द्या. सड्यावर सावली नसते.